मदत हवी आहे - ग्रो बॅगमधले कोवळे बटाटे कधी काढायचे?

नमस्कार मंडळी, पुण्यात टेरेसवर ग्रो बॅगांमध्ये कुफरी पुखराज लावलाय, नोव्हेंबरच्या सुरवातीला, मंचरहून बेणं आणलेलं. वाढ मस्त आहे, दोनदा मातीची भरही दिली कारण उन्हात उघडे पडलेले बटाटे हिरवे होतात आणि ते खायचे नसतात, आता खालची पानं जराशी पिवळी दिसायला लागलीत. ही जात लवकर येते, साधारण ७० ते ९० दिवसांत, पण मला पूर्ण तयार नकोत, पातळ सालीचे कोवळेच हवेत, आईला त्यांची सालासकट भाजी फार आवडते आणि बाजारात तसे ताजे मिळतच नाहीत हो.

तर प्रश्न असा की झाड न उपटता कडेची माती उकरून चार-पाच मोठे बटाटे काढले तर बाकीचे पोसतात का? की मुळं दुखावून सगळं झाडच बसतं? जमिनीत हे चालतं म्हणतात पण बॅगेत जागा कमी, म्हणून धीर होत नाहीये. आणि काढायच्या आधी पाणी तोडायचं का, की ते फक्त साठवणीच्या बटाट्यांसाठी, साल घट्ट व्हावी म्हणून? कोणी बॅगेत केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फोटो खाली टाकतेय.