‘टक एव्हरलास्टिंग’ : विनीने तो निर्णय नेमका कधी घेतला?

रानवाट

नॅटली बॅबिट यांची ‘टक एव्हरलास्टिंग’ ही १९७५ साली प्रसिद्ध झालेली छोटेखानी कादंबरी काल रात्री वाचून संपवली. (ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे, कारण शेवटाबद्दल बोलल्यावाचून माझा प्रश्न मांडता येणार नाही.) मुलांसाठीचे पुस्तक म्हणून हाती घेतले होते, प्रत्यक्षात शेवटची दोन पाने मला तीनदा वाचावी लागली, कारण पहिल्या दोन्ही वेळी अक्षरे धड दिसत नव्हती.

कथानक थोडक्यात असे : टक कुटुंबातील चौघांनी सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी रानातल्या एका झऱ्याचे पाणी अजाणता पिलेले असते, आणि त्या दिवसापासून त्यांचे वय पुढे सरकलेले नाही. धाकटा जेसी दिसतो सतरा वर्षांचा, पण आहे एकशेचार वर्षांचा. दहा वर्षांच्या विनी फॉस्टरला हे गुपित कळते, तेव्हा तो तिला त्या पाण्याची बाटली देतो आणि सतराव्या वर्षी ते पिऊन आपल्याकडे ये, असे सांगतो. उपसंहारात १९५० साली जेसीचे आईवडील, अँगस आणि मे टक, त्या गावी परततात आणि त्यांना दफनभूमीत विनीचे थडगे दिसते. पत्नी, आई, १८७० ते १९४८, एवढीच तिची नोंद असते.

म्हणजे तिने ते पाणी प्यायले नाही. परंतु ज्या निर्णयासाठी सगळी कादंबरी रचली आहे, तो घेताना विनी आपल्याला दिसतच नाही. लेखिकेने तो प्रसंग का लिहिला नसावा? मला आधी फसवल्यासारखे वाटले आणि मग रडू आले; या दोहोंची संगती मला अजून लागलेली नाही.

शेवटचे पान

निर्णय दाखवलेला आहे, असे माझे मत आहे. कुत्रा बेडकाच्या अंगावर धावून येतो तेव्हा विनी बाटलीतले पाणी बेडकावर ओतते. अमरत्व तिने दुसऱ्याला देऊन टाकले, तिथेच प्रश्न मिटला.

तळटीप

‘शेवटचे पान’ यांच्याशी मी सहमत नाही. तो परिच्छेद पुन्हा काढून पाहावा, अशी विनंती आहे. पाणी ओतल्यावर विनीच्या मनात येते ते असे, की सतराव्या वर्षी जायचे ठरलेच तर रानात आणखी पाणी आहेच. म्हणजे बाटली रिकामी झाली तरी वाट मोकळीच राहिली. पुढे तो झरा नष्ट होतो हे खरे. वीज पडून झऱ्याजवळचे झाड पेटले आणि नंतर यंत्रे लावून ती सगळी जागाच उकरून काढली, असे टक दांपत्याला कळते. पण ही घटना १९५० च्या अवघी काही वर्षे आधीची आहे. याचा अर्थ, विनीच्या सतराव्या वर्षापासून ते जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो झरा रानात वाहत होता आणि त्याची जागा तिला ठाऊक होती.

रानवाट, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. तो प्रसंग लिहिलेला नाही, कारण असा एक प्रसंग घडलाच नसावा. त्यातही एक मेख आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते पाणी माणसाला तरुण करत नाही. ज्या वयात प्याल त्या वयात ते तुम्हाला थांबवते. ग्रीक पुराणात टिथोनस या मर्त्य माणसासाठी अमरत्व मागितले गेले, चिरतारुण्य मागायचे राहून गेले, आणि तो झिजत झिजत जगत राहिला. इथे झिजणे नाही, पण वेळेची अट आहे, आणि म्हणूनच जेसी सतरा हे वय सांगतो. विसाव्या वर्षी विनी गेली असती तरी चालले असते. चाळिसाव्या वर्षी ती त्याच्या आईच्या वयाची दिसली असती, आणि तीही कायमची. आपण ‘नाही’ म्हटले आहे, हे विनीला स्वतःलाही बहुधा एखाद्या साध्या दिवशी मागे वळून पाहताना कळले असेल.

जुना वाचक

विवेचन पटले, तरी एक तक्रार नोंदवतो. लेखिकेने तराजू आधीच एका बाजूला झुकवून ठेवला आहे. टक मंडळी लपूनछपून राहतात, एका जागी फार काळ टिकत नाहीत, दहा वर्षांनी एकदा मुले घरी येतात. असे अमरत्व कोण मागेल? आपल्याकडे अश्वत्थाम्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप मिळाला, तो शाप म्हणूनच मिळाला. इथे तेच वरदानाच्या वेष्टनात दिले आहे. अँगस विनीला होडीत बसवून पुढे जाणारे पाणी आणि अडकून पडलेली होडी दाखवतो, ते प्रकरण सुंदर असले तरी मला काहीसे शिकवणीसारखे वाटले.

मला हलवून गेला तो जेसीचा थोरला भाऊ माइल्स. बायको त्याला सैतानाला विकला गेलेला समजून मुलांना घेऊन निघून गेली. तो विनीला मासे धरायला शिकवत असतो आणि बोलता बोलता सांगून जातो, की त्याची मुलगी आज हयात असेलच तर ऐंशीच्या आसपास असेल. हे सांगणारा माणूस दिसतो बावीस वर्षांचा. लेखिका त्यावर काहीही भाष्य करत नाही, मासेमारी पुढे चालू राहते.

रानवाट

माइल्सच्या त्या वाक्याशी मीही पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. ‘तळटीप’ यांचे म्हणणे वाचून उपसंहार आत्ता पुन्हा उघडला. थडगे पाहून परतताना रस्त्याच्या मधोमध एक बेडूक बसलेला असतो आणि गाडी जवळ आली तरी हलत नाही. अँगस खाली उतरून त्याला उचलतो आणि कडेच्या गवतात ठेवतो. हा कोणता बेडूक असावा, हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या वाचनात माझ्याही ध्यानात आले नव्हते. मी त्याला नुसताच बेडूक समजले होते.