मोजून मारलेलं हरीण, चोरून मारलेलं भेकर

खाडीकाठचा

परवा वाडीत जेवायला बोलावणं होतं. ताटात आलेलं मटण भेकराचं आहे हे पहिल्या घासानंतर कळलं. कुणी मारलं विचारलं तर सगळे हसले. मी पुढे जेवलो नाही. परतताना काका म्हणाले, "तिकडे हरणं मारून आलास आणि इथे सोवळं?"

काकांचा टोला बरोबर बसला, म्हणून हा धागा.

नोकरीसाठी मी सात वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये होतो. शेजारी एक म्हातारा शेतकरी. गाई विकलेल्या, मका तेवढा उरलेला. आमच्या नाचणीत डुकरं शिरतात तशी त्याच्या मक्यात पांढऱ्या शेपटीची हरणं. त्याने मला धनुष्य शिकवलं. तिथलं कंपाउंड बो म्हणजे दोन टोकांना कप्प्या असलेलं यंत्रच. माझं ५० पौंडांचं होतं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागायचा, पण दोरी पूर्ण मागे आली की कप्प्या फिरतात आणि हातावर दहा-बारा पौंडच राहतात, त्यामुळे रोखून थांबता येतं. वर्षभर मी कोठारामागे गवताच्या गासडीवर बाण मारले. २० यार्डांपलीकडे मारायचं नाही, ही म्हाताऱ्याची अट.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, नर माजावर येतात ते दिवस. पहाटे अंधारातच १५ फुटांवर झाडाला बांधलेल्या फळीवर चढलो, अंगाला पट्टा. म्हातारा पलीकडच्या झाडावर. वारा तोंडावर येत होता, म्हणजे आमचा वास मागे जाणार. दहाच्या सुमारास एक मादी माझ्या अगदी पायाखाली आली. मी धनुष्य उचललं, त्याने तिकडून नुसती मान हलवली. सरळ वरून मारलं तर एकच फुप्फुस सापडतं आणि जनावर हाल होऊन मरतं. मी धनुष्य खाली घेतलं.

संध्याकाळी साडेचारला एक नर आडवा उभा राहिला. बाण सुटला आणि त्याच क्षणी तो अर्धं पाऊल पुढे सरकला. बाण थोडा मागे लागून आरपार गेला, हरीण झाडीत नाहीसं झालं. मी उतरून धावणार, तर म्हाताऱ्याने दंड धरला. बाण शोधून बोटांवर रक्त चोळून बघितलं. फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासात मिळतं. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट. हे काळपट लाल होतं, म्हणजे यकृत. "आत्ता मागे लागलो तर ते उठून पळत सुटेल. सकाळी."

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे पाचोळ्यावरचे थेंब शोधत निघालो. प्रत्येक थेंबाशी तो टिश्यू पेपरचा कपटा ठेवायचा, म्हणजे मागे वळून बघितलं की दिशा कळते. दीडशे यार्डांवर ओढ्याच्या काठाला हरीण पडलं होतं, थंड झालेलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, मग चाकू. त्याच दिवशी नोंदणी केली, परवान्याच्या टॅगचा नंबर दिला, डोकं रोगाच्या तपासणीला पाठवलं. तिथे हरणांत मेंदू पोखरणारा रोग २००२ पासून आहे. मटण विकता येत नाही, आपण खायचं किंवा वाटायचं.

माझं म्हणणं एवढंच: शिकार इकडेही होते, रोज होते, फक्त तिची मोजदाद कुणी ठेवत नाही. हरणं किती, मारायची किती, कुणी, कधी, हे तिथे कागदावर असतं. चोरून मारण्यापेक्षा मोजून मारणं बरं नाही का?

कातळफूल

एक जनावर यकृतात बाण घेऊन ओढ्याकाठी रात्र काढत होतं, नाहीतर तडफडून गेलं होतं. तुझी झोप उडाली हे वाचून मला काय वाटावं अशी अपेक्षा आहे? लिहिलंस मात्र छान. तेच खटकलं.

आणि 'मोजून' म्हणजे काय? ते अर्धं पाऊल मोजता आलं का तुला? वर्षभर गासडीवर सराव केलेल्या माणसाचा बाण चुकतो, मग आमच्या वाडीतल्या दोन पेग लावून निघालेल्या पोरांचं काय होईल?

मालवणी मसालो

मेल्या, अख्खो दिवस झाडार बसान एक हरण? आमच्या हडे चार पोरां बॅटरी घेवन गेली की अर्ध्या तासात काम खलास. तां चोरयेचा, ह्या मान्य. पण तुझ्या त्या परवान्यार सही कोण करतलो? तोच मां, जो तीन म्हयन्यात पंचनाम्याक येवक नाय?

बीट क्रमांक विसरलो

वनखात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. थोडं कायद्याचं, कारण इथे अर्धवट माहितीवर बोललं जाणार.

परवान्याची शिकार आपल्याकडेही होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे खाडीकाठचे म्हणतात तो प्रयोग करून, सोडून झालाय. का सोडला? एका परवान्यावर चार जनावरं यायची. तपासणारा एक, रानात शिरायच्या वाटा शंभर.

दुसरं, शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. हाका घालून जनावर उठवणं, फासकी लावणं, आमिष टाकणं, या सगळ्याचा प्रयत्न करणं, हीही कायद्याने शिकारच. 'आम्ही फक्त हाकाऱ्यात होतो' असं सांगणारे मी शेकड्यांनी पाहिले.

पिकाला उपद्रव असेल तर कलम ११ खाली ठराविक जनावरासाठी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोह्यासाठी ती वाट आहे. पण मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. त्याचा रस्सा करता येत नाही. हे कळलं की निम्मे अर्जदार परत फिरतात. माझ्या मते यातच सगळं आलं.

खाडीकाठचा

@कातळफूल, तो बाण चुकला हे मी लपवलं असतं तर धागा सोपा गेला असता. म्हाताऱ्यानेही 'छान बाण' म्हटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी बसलोच नाही, नुसता त्याच्यासोबत गेलो.

@बीट, परवान्याचं माहीत नव्हतं. पण १९९१ पासून शिकार थांबली का? फासकीत अडकलेल्या बिबट्याची बातमी दर हिवाळ्यात येते. फासकी कुणासाठी लावलेली असते? डुकरासाठी, भेकरासाठी. आजोबा सांगायचे, पारधीला निघण्याआधी गावकर देवळात गाऱ्हाणं घालत, मग रान कुठून उठवायचं ते ठरे. देवराईत जनावर शिरलं तर सोडून द्यायचं. आता ना गाऱ्हाणं ना देवराई, नुसती तार.

तिथे धनुष्यांवरही ११ टक्के कर आहे आणि तो पैसा मुख्यतः वन्यजीवांवर खर्च होतो. बंदुकांवरच्या कराचा तो कायदा १९३७ चा, धनुष्यं नंतर आली. शिकारी स्वतःच्या खिशातून जंगल राखतो. इथे?

चौलचा टपाल्या

इथेही राखलंय की. मुरूडजवळचं फणसाड बघा. जंजिऱ्याच्या नवाबाने शिकारीसाठी राखलेलं रान, म्हणून ते उरलं आणि १९८६ ला अभयारण्य झालं. शिकारी नसता तर तिथे कधीच कोळशाच्या भट्ट्या लागल्या असत्या.

कातळफूल

राखलं म्हणजे नवाबाला बंदूक आणि गावकऱ्याला काठीचा मार. ते मॉडेल परत हवंय का? यावेळी नवाब कोण होणार तेही सांगून टाका. माझा अंदाज, ज्याच्याकडे फार्महाऊस आहे तो.

आणि विस्कॉन्सिनशी तुलना मुळातच चुकते. तिथल्या शेतीच्या भागात हरणाला खाणारं मोठं जनावर फारसं उरलं नाही, म्हणून माणसाला ते काम करावं लागतं. आपल्याकडे बिबट्या आहे, घाटाच्या बाजूला कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे आहेत. भेकर त्यांचं खाणं. ते तुम्ही खाल्लंत की बिबट्या पडवीतला कुत्रा उचलतो, मग तुम्हीच पिंजरा लावा म्हणून ओरडता.

राजापुरी पंचा

शिकार आपल्या मातीतच आहे. उक्षी, कशेळी, बारसूच्या सड्यांवरची कातळशिल्पं कुणी खोदली? बहुधा शेती येण्याआधीच्या शिकारी माणसांनी. हजारो वर्षांची परंपरा एका कायद्याने पुसता येत नाही.

बीट क्रमांक विसरलो

कातळशिल्पांत गेंडाही आहे. आणता का पंचाला बांधून?

नाचणीवाली

एवढा वेळ वाचत होते. लिहिणाऱ्यांत राखणीला बसणारं कुणी दिसत नाही, म्हणून लिहिते.

माझी वरकस दीड एकर. वर नाचणी, खाली थोडं भात, बांधाला काजू. गणपती झाले की रात्री माळ्यावर जाते, डबा आणि बॅटरी घेऊन. पंधरा वर्षांत भेकराने माझं किती खाल्लं? बांधावरचे कोवळे शेंडे, चार वाल. बस. भेकर भुंकलं की उलट मी सावध होते, कारण त्याने काहीतरी पाहिलेलं असतं. माझं खाणारं डुक्कर आणि वानर. डुक्कर खातं त्याच्या दुप्पट लोळून आडवं करतं. वानरांची टोळी दिवसाढवळ्या नारळाची बोंडं पाडते आणि माझ्याकडे बघत बसते.

मग वाडीतले शिकारी कशाच्या मागे जातात? भेकराच्या. मऊ मटण, एकटं असतं, अंगावर येत नाही. डुकराला जायचं तर वीस माणसं लागतात, आणि हाक्यात डुक्कर समजून माणसावर बार टाकल्याचं प्रत्येक तालुक्यात कुणी ना कुणी ऐकलेलं आहे. तेव्हा 'शेतकऱ्यासाठी शिकार' हे माझं नाव पुढे करून बोलू नका.

खाडीकाठच्या दादांना एक विचारते. तुमच्या धनुष्याने २० यार्डांवरून डुक्कर मरेल का? एका रात्री बारा येतात, त्यातलं एक मेलं तर उरलेली अकरा माझं शेत सोडतील का?

खाडीकाठचा

ताई, बाणाने डुक्कर मरतं. पण अकरांचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि तिथले लोक रात्री हरणं मारत नाहीत, सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात बंदी. तुमची डुकरं येतात रात्री. म्हणजे मी जे शिकून आलो ते तुमच्या शेतावर चालणारच नाही, हे लिहिताना लक्षात आलं.

भेकराबद्दलचं म्हणणं मागे घेतो. त्याला मारायचं कारणच नाही, मोजून नाही की न मोजता नाही. डुकराबद्दल मात्र घेत नाही. परवानगीची वाट आहे तर ती चालती का नाही? कलम ३९ मुळे अर्जदार पळतात असं बीट म्हणतात. मग खरी गरज असलेल्यांचे अर्ज तरी लवकर निघायला हवेत ना?

बीट क्रमांक विसरलो

हवेत. ते मान्य. एका गार्डाकडे गावं किती असतात ते बघा आणि मग शिव्या घाला, पण हवेत.

मालवणी मसालो

म्हणजे फिरान फिरान माझ्या सहीरच इलास.

कातळफूल

@खाडीकाठचा, एक राहिलंच. काकांना काय सांगितलंस?

खाडीकाठचा

अजून काही नाही. शनिवारी परत बोलावणं आहे.

नाचणीवाली

जा, पण भाकरी घरून खाऊन जा. कुंपणाच्या तारेला झटका देणाऱ्या मशीनची बॅटरी उतरली आहे आणि खालच्या बांधाला काहीतरी मोडल्याचा आवाज आला आता. डबा घेऊन निघते.