शेतकरी उत्पादक कंपनी सभासदांच्या सहभागावर चालते की व्यवस्थापनावर?

डाळिंब उत्पादक, सांगोला
शेतकऱ्यांनीच शेअर घेऊन माल एकत्र विकण्यासाठी काढलेल्या आमच्या कंपनीत ३०० हून अधिक सभासद आहेत. पण गेल्या हंगामात प्रतवारीला माल आणणारे चाळीसही नव्हते. केंद्राच्या २०२० च्या योजनेत मैदानी भागासाठी किमान ३०० सभासदांची अट आहे आणि भागभांडवलाच्या प्रमाणात सभासदामागे कमाल २,००० रुपयांचे अनुदान मिळते. त्यामुळे आमच्याकडे आधार कार्डे गोळा करून नावे भरली गेली, आणि शेअर घेतलेल्या माणसाला आपण मालक झालो हे कोणी समजावून सांगितलेच नाही. असा सभासद तोडणीच्या वेळी बांधावरच्या व्यापाऱ्याला माल देणारच. सहभागाशिवाय कंपनी कागदावरच राहते, असे माझे ठाम मत आहे.

ज्वारी उत्पादक, मंगळवेढा
मी असहमत आहे. व्यापारी रोख पैसे मोजतो आणि कंपनीची पट्टी, म्हणजे मालाचा हिशेब आणि पैसे, तीन आठवड्यांनी हातात पडते. तोवर मजुरांची मजुरी आणि कृषी सेवा केंद्राची उधारी सभासदाने कशातून भागवायची? आमच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी खेळते भांडवल आणि जाणता व्यवस्थापक नसेल तर त्या नावाचा भाव पदरात पडत नाही. बैठकांना गर्दी झाली म्हणून माल विकला जात नाही.

तूर उत्पादक, बार्शी
सहभाग म्हणजे केवळ बैठकीतील हजेरी नव्हे. कायद्याने प्रत्येक सभासदाला, शेअर कितीही असोत, एकच मत दिले आहे आणि वार्षिक सभेच्या गणपूर्तीसाठी एक चतुर्थांश सभासद लागतात, म्हणजे ३०० असतील तर ७५. आमच्याकडे हे ७५ जण सभेला आलेच नव्हते. रजिस्टर मोटारसायकलवरून घरोघरी फिरवून सह्या घेतल्या गेल्या. त्याच वर्षी मालाच्या वजनातून घट म्हणून किती कापले यावरून भांडणे झाली आणि निम्म्या लोकांनी पुढे माल दिला नाही. नंतर दोन सभासदांनी आळीपाळीने काट्याजवळ बसायचे आणि घट लगेच फळ्यावर लिहायची, असे ठरले. तक्रारी थांबल्या आणि गेलेल्यांपैकी बरेच जण परत आले.

डाळिंब उत्पादक, सांगोला
मला हेच म्हणायचे होते. शिवाय खेळते भांडवल तरी येणार कोठून? सभासदाने माल दिला, तरच उलाढाल दिसते, आणि उलाढाल पाहूनच बँक कर्जाचा विचार करते.

ज्वारी उत्पादक, मंगळवेढा
काट्याजवळच्या पाळीची पद्धत मला मान्य आहे. आम्हीही ती सुरू करू. मात्र पट्टी आठ दिवसांत मिळाली नाही, तर पुढच्या हंगामात त्या पाळीला येणाराही व्यापाऱ्याच्याच टेम्पोत पोती भरेल.