पंधरा दिवसांची भाजी: हंगामी बाजाराचे तुमचे अनुभव

ठाणे (धागा सुरू करताना)

परवा जांभळी नाक्याच्या बाजारात भिजलेल्या गोणपाटावर शेवळांच्या जुड्या मांडलेल्या दिसल्या आणि ज्या कामासाठी निघाले होते ते विसरून मी तिथेच थांबले. मेच्या अखेरीस वळवाच्या दोन-तीन चांगल्या सरी पडल्या की मुरबाड-शहापूरकडच्या ठाकर बायका ही भाजी घेऊन येतात आणि पाऊस स्थिरावता स्थिरावता ती बाजारातून नाहीशी होते. पान फुटण्याआधीच जमिनीतून वर येणारा हा जांभळट तपकिरी, मिटलेला फुलोरा असतो आणि तो उमलण्याआधीच खुडावा लागतो. त्यामुळे ज्याला शेवळ खायचे आहे त्याने त्याच पंधरा-वीस दिवसांत बाजार गाठावा लागतो.

शेवळे विकणाऱ्या मावशींनी मला पाहिले आणि विचारले, "आई नाय आली?" आई गेल्या माघात गेली. किमान वीस वर्षे ती याच मावशींकडून शेवळे घेत होती. पण त्यांना आईचे नाव ठाऊक नव्हते आणि आईला त्यांचे. मी सांगितल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग दोन जुड्यांशेजारी त्यांनी काकडांचा, म्हणजे काकड झाडाच्या आंबट फळांचा, एक वाटा ठेवला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि विचारले, "तुला करता येती का?" मला येत नव्हती, कारण आजवर ती आईच करत आली होती आणि मी फक्त खात आले होते. मागे गिऱ्हाईक खोळंबलेले असतानाही त्यांनी एक शेवळ हातात घेऊन सोलून दाखवले. वरची आवरणे काढायची, आतला पिवळा भाग बोटाने काढून टाकायचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडे ठेचून, बिया काढून त्यांचा आंबट रस त्यात घालायचा. "आंबट घातल्याबिगर खायाची नाय," नाहीतर घसा खवखवतो, हे त्यांनी तीन वेळा बजावले.

रात्री भाजी केली. घसा अजिबात खवखवला नाही. आईच्या भाजीत वाल असत, हे मात्र मला पहिल्या घासाला आठवले.

दुकानातल्या फळीवरची भाजी कशी करायची हे कोणी सांगत नाही, कारण ती सर्वांनाच येते असे गृहीत धरलेले असते. हंगामी भाजी मात्र विकणाऱ्याच्या तोंडच्या माहितीसकट घरी येते. तुमच्या गावच्या बाजारात अशी कोणती भाजी मिळते आणि ती करायला तुम्हाला कोणी शिकवले, हे वाचायला मला फार आवडेल.

पेण

ताई, आईंबद्दल वाचून वाईट वाटले. वाल आमच्याकडेही घालतात आणि घरात मासे खाणारे असतील तर वालांऐवजी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालतात. काकडे मिळाली नाहीत तर चिंचेच्या कोळावर भागते, मात्र चव निराळी लागते, त्यामुळे पुढच्या वेळी काकडे जास्तीची घ्या आणि पैसे देऊनच घ्या.

ठाणे

पैसे देण्याचा प्रयत्न मी केला होता. त्यांनी माझा हात बाजूला सारला. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे, तेव्हा जास्त जुड्या घेईन.

नागपूर

आमच्या बाजारात शेवळे येत नाहीत, परंतु चिवळ येते आणि तीही भर उन्हाळ्यात, जेव्हा बाकीच्या पालेभाज्या दुपारपर्यंत माना टाकतात. चिवळीची पाने इतकी बारीक असतात आणि ती जमिनीला इतकी लगटून वाढते की मातीही तिच्याबरोबरच घरी येते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी ती दोन पाण्यांतून धुतली आणि सगळ्यांच्या दाताखाली रेती आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या मला बाजारात घेऊन गेल्या आणि भाजीवालीलाच धुण्याची रीत सांगायला लावली. चिवळ पाण्यात बुडवायची, हलवायची आणि वरच्यावर उचलून घ्यायची. पाणी ओतून टाकायचे नाही, कारण ओतताना खाली बसलेली रेती पुन्हा भाजीत येते. असे पाच-सहा वेळा केले आणि मग भिजवलेली मुगाची डाळ घालून परतली, की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे तरोटा येतो. कोकणातली मंडळी ज्याला टाकळा म्हणतात तोच हा असावा, असे मला वाटते. कोणी खात्री करून देईल का?

म्हापसा

तोच आहे. आम्ही त्याला तायकिळो म्हणतो. त्याची पाने संध्याकाळ झाली की जोडीजोडीने मिटतात, ही त्याची ओळख आहे. आमचा शुक्रवारचा बाजार मोठा असतो. जूनमध्ये त्याच्या कडेला बसलेल्या बायकांकडे तायकिळ्याचे कोवळे शेंडे आणि फणसाच्या आठळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. ही दोन्ही एकाच भाजीत जातात, त्यामुळे वेगळे सांगावे लागत नाही. मेमध्ये खाल्लेल्या फणसांच्या आठळ्या लाल मातीत लोळवून ठेवायच्या आणि पहिल्या पावसानंतर उगवलेल्या टाकळ्यात घालायच्या, असा उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा मेळ आमच्या आजीच्या पिढीने घातलेला आहे. वरून ओले खोबरे सढळ हाताने घालावे. श्रावण सरेपर्यंत पाने जून होतात आणि मग ती घेऊ नयेत.

पुरंदर तालुका

मी विकणाऱ्यांपैकी आहे, म्हणून गोणपाटाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

आमचे वडील माल घाऊक बाजारात पाठवत. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात येई तेव्हा आडत, हमाली, तोलाई वजा होऊन काही वेळा गाडीभाड्यापुरतेही पैसे उरत नसत आणि आपली भाजी कोणी खाल्ली, ती त्याला आवडली का, हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला आणि त्याच सुमारास शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजार वाढू लागले. आम्ही चार घरांनी मिळून एक टेम्पो ठरवला आणि पुण्यात रविवारी बसू लागलो. शनिवारी संध्याकाळी तोडणी, रात्री जुड्या बांधणे आणि पहाटे चारला निघणे हा क्रम तेव्हापासून सुरू आहे.

पहिल्या वर्षी आम्ही गिऱ्हाईक मागेल ते पिकवण्याचा प्रयत्न केला. मे महिन्यात फ्लॉवर मागितला म्हणून फ्लॉवर लावला. फवारणीवर जेवढा खर्च झाला तेवढेही हाती आले नाही. कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलावर जाते, हे आम्हाला ठाऊक असूनही आम्ही ती लावली. दुसऱ्या वर्षापासून मात्र शेतात ज्या वेळी जे चांगले येते तेच न्यायचे असे ठरवले. थंडीत चाकवत, चंदनबटवा आणि आंबट चुका न्यायचा. पावसाळ्यात वाटाणा न्यायचा, कारण आमच्या तालुक्याच्या हवेत तो जूनमध्ये पेरून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तोडणीला येतो. पुण्यातल्या लोकांना वाटाणा हिवाळ्यातच येतो असे वाटते, म्हणून सुरुवातीला ते शेंगा हातात घेऊन संशयाने पाहत. मी एक शेंग फोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवत असे. गोडी लागली की त्यानंतर काही सांगावे लागत नसे.

चाकवताची गोष्ट त्याहून वेगळी आहे. तो कसा करायचा हे तरुण गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते, म्हणून आईला बरोबर आणू लागलो. चाकवत शिजवून घोटायचा, त्यात ताक आणि बेसन घालायचे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालायचे आणि वरून लसणाची फोडणी द्यायची, हे ती दर रविवारी पन्नास जणांना तरी सांगते. ती आजारी असली की आमचा चाकवत अर्धा परत येतो. ताई, तुमच्या मावशींनी जे केले ते माझी आई दर आठवड्याला करते आणि हेही विक्रीचेच काम आहे, हे मला तुमचे लिखाण वाचून नीट समजले.

ठाणे

दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी चाकवत ताकातलाच होतो, पण त्यात बेसन किती घालावे यावरून मी नेहमी अडखळते.

पुरंदर तालुका

आईला विचारले. मध्यम जुडीला दोन चमचे पुरतात आणि ते आधी ताकात मोडून घ्यावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

नाशिक

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून घशाच्या खवखवीविषयी थोडे सांगते. शेवळ, अळू आणि सुरण ही एकाच कुळातली झाडे आहेत. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणूनच तिन्ही भाज्या पूर्ण शिजवायच्या आणि त्यांत काहीतरी आंबट घालायचे, अशी रीत सगळीकडे आढळते. मावशींनी तीनदा बजावले ते योग्यच केले.

इतके शिकूनही मला एक गोष्ट बाजारानेच शिकवली. कंटोळी मला फार आवडतात. एकदा मी त्यांचा कंद आणून अंगणात लावला. दोन पावसाळे वेलाला पिवळी फुले आली आणि फळ एकही धरले नाही. कंटोळीच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात हे मी वर्गात शिकवत होते, पण माझा वेल कोणता आहे हे पाहण्याचे मला सुचले नाही. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कंटोळी विकणाऱ्या आजींना मी सहज ही अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "फुलाखाली बारकं कंटोळं हाय का बघ. नसलं तर तो नर हाय." तसेच निघाले. पुढच्या बुधवारी त्यांनी त्यांच्या बांधावरचा मादी वेलाचा कंद आणून दिला आणि तिसऱ्या वर्षी पहिली सात कंटोळी मी त्यांनाच नेऊन दाखवली.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला प्रथम या आजी आठवल्या होत्या.

मॅडिसन, विस्कॉन्सिन

इथे कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, इमारतीभोवती हिवाळा सोडून दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तो १९७२ पासून चालू आहे. ज्याने पिकवले त्यानेच विकायला बसावे असा त्याचा नियम आहे आणि सगळी गर्दी घड्याळाच्या उलट दिशेने चौकाला फेरी घालते. आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला घेऊन गेलो. तिला गर्दीत चालण्याचा कंटाळा येईल अशी मला भीती वाटत होती.

आग्नेय आशियातून आलेल्या हमोंग समाजातल्या एका आजींच्या टेबलापाशी ती थबकली आणि म्हणाली, "अरे, ही तर घोळ आहे." जाड, लालसर देठाची, गुबगुबीत पानांची जुडी होती. आईने खुणेने विचारून एक पान तोंडात टाकले आणि आंबटसर चव लागताच तिचा चेहरा उजळला. त्या आजींना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि आईलाही नाही. आजींनी हाताने पातेल्यात उकळण्याची खूण केली. आईने लसूण ठेचण्याची आणि फोडणी देण्याची. दोघी दहा मिनिटे अशा बोलत होत्या. आई इथे तीन महिने राहिली आणि त्यानंतर एकही शनिवार तिने चुकवला नाही.

बार्शी

आमची कडवंची कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. पावसाळ्यात काळ्या रानात, बांधाच्या कडेला तिचा नाजूक वेल येतो आणि त्याला बोटाच्या पेराएवढी कडवट फळे लागतात. आठवडी बाजारात ती मापाने मिळत. तेलावर खरपूस परतून, तिखट-मीठ आणि शेंगदाण्याचा कूट घालून आई ती करत असे. अलीकडे बांधावरही तणनाशक मारले जाते आणि कडवंची त्यात जाते. गेल्या वर्षी सबंध पावसाळ्यात मला ती दोनदाच दिसली. आमच्या अर्ध्या एकराच्या बांधावर मी फवारणी बंद केली आहे. यंदा तिथे चार वेल आले आहेत आणि मी त्यांतल्या दोन वेलांची फळे तोडलेली नाहीत.

कर्जत

एक सावधगिरीची सूचना करतो. याच दिवसांत बाजारात रानातली अळंबीही येते आणि ती चवीला अप्रतिम असते. परंतु खाण्याच्या अळंबीसारखी दिसणारी विषारी अळंबीही असते. म्हणून ती वर्षानुवर्षे वारुळांच्या जागा ओळखणाऱ्या, आपल्या माहितीतल्या माणसाकडूनच घ्यावी आणि स्वतः रानात जाऊन तोडून खाऊ नये. माझ्या शेजारच्या घरातली तीन माणसे अशा चुकीमुळे रुग्णालयात होती.

नागपूर

म्हापशाच्या ताई, उत्तराबद्दल आभारी आहे. यंदा तरोट्यात आठळ्या घालून पाहायच्या ठरवल्या आहेत. फणस इथे मिळतो आणि आठळ्या मी राखून ठेवल्या आहेत. त्या आधी उकडून घ्यायच्या की कच्च्याच घालायच्या?

म्हापसा

वरचे पांढरे कडक साल काढून, आठळ्या ठेचून दोन-तीन तुकडे करावेत आणि मिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडाव्यात. टाकळा लगेच शिजतो, त्यामुळे कच्च्या घातल्या तर पाला काळा पडेपर्यंत त्या शिजत नाहीत. आतली तपकिरी साल राहू द्यावी.