मदत हवी आहे: हवामानाचं सॉफ्टवेअर पुण्याचं तापमान १०० दाखवतंय, सेल्सियस कुठून करायचं?

धावपट्टी_दहा

नमस्कार मंडळी,

घरी फ्लाइट सिम्युलेटर चालवतो. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पुढे अजून गेलेलो नाही. खरं हवामान मिळावं म्हणून महिन्यापूर्वी एक वेगळं सॉफ्टवेअर विकत घेतलं (नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत). विमानतळांचे मेटार (हवामानाचे सांकेतिक अहवाल) उतरवून घ्यायचे आणि तसं हवामान सिम्युलेटरमध्ये भरायचं, एवढंच त्याचं काम. वारा, ढग झकास येतात. तापमान मात्र फॅरनहाइटमध्येच दाखवतं.

काल दुपारी लोहगावच्या (पुणे विमानतळाच्या) मेटारमध्ये ३८/१२ होतं, म्हणजे तापमान ३८, दवबिंदू १२. सॉफ्टवेअरच्या खिडकीत १०० आणि ५४. ठीक आहे, मनातल्या मनात बदलून घेऊ. पण त्याखाली दोन्हींमधला फरक म्हणून चक्क ७९ लिहिलंय! शंभरातून चोपन्न गेले की शेहेचाळीस उरतात, एवढं मला चौथीपासून येतं.

खरी फजिती परवा झाली. नेट बंद होतं, म्हणून हवामान हाताने भरलं. तापमानाच्या चौकटीत ३० टाकलं. चौकटीशेजारी एकक कुठेच लिहिलेलं नाही. विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं, मी खूश. वाघोलीच्या पुढे ढगात शिरलो आणि काचेच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. बायको चहा ठेवायला आली होती, ती म्हणाली, "हे पुणंच आहे ना?" हिशेब केला तर ३० फॅरनहाइट म्हणजे उणे १ सेल्सियस.

आतापर्यंत केलेले उपाय: सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एककं मेट्रिक केली, सॉफ्टवेअर ढिम्म. काढून पुन्हा टाकलं, तेच. विमानातल्या घड्याळाचं वरचं बटण दाबलं, तर तिथलं बाहेरचं तापमान सेल्सियसमध्ये आलं, पण ते तेवढ्यापुरतंच. बनवणाऱ्यांना मेल केली, "पुढच्या आवृत्तीत बघू" असं उत्तर आलं. कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

उडणखटोला

दादा, आधी एक सांगा. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख कशी दिसते? दिवस आधी की महिना आधी? आणि लॅपटॉप कुठून घेतलाय?

धावपट्टी_दहा

४/१८ अशी दिसते. लॅपटॉप भाच्याने न्यू जर्सीहून आणला. पण तारखेचा इथे काय संबंध?

उडणखटोला

तिथेच तर गोम आहे. अशी बरीच सॉफ्टवेअर सिम्युलेटरला काही विचारतच नाहीत, थेट विंडोजला विचारतात की हा माणूस मेट्रिक देशातला की अमेरिकेतला. तुमचं विंडोज अजून न्यू जर्सीतच राहतंय. (भारतात घेतलेल्या मशीनवरही इंग्लिश युनायटेड स्टेट्स निवडलेलं असलं की हेच होतं.)

कंट्रोल पॅनल उघडा, रीजनमध्ये जा, खाली अ‍ॅडिशनल सेटिंग्ज. नंबर्सच्या टॅबवर मेझरमेंट सिस्टिम अशी ओळ आहे, तिथे यू.एस. असेल. ते मेट्रिक करा. बाकी कशाला हात लावू नका. मग सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून उघडा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, ते घड्याळाशेजारी लपून बसतं.

सिम्युलेटरचं सेटिंग हा वेगळा कारभार आहे. आत सगळं सेल्सियसमध्येच चालतं, सेटिंगने फक्त दाखवायची पाटी बदलते. आणि मेट्रिक करताना जरा जपून. जुन्या सिम्युलेटरमध्ये मेट्रिकचे दोन प्रकार असायचे, एकात उंची फुटांतच राहायची, दुसऱ्यात मीटर. आपल्याकडे उंची फुटांत, दाब हेक्टोपास्कलमध्ये, वारा नॉट्समध्ये, दृश्यमानता मीटरमध्ये, तापमान सेल्सियसमध्ये. अशी खिचडी असल्यामुळे सरसकट मेट्रिक कधीच नीट बसत नाही.

अधिक_बत्तीस

त्या ७९ चं कोडं सुटलं. तापमान बदलताना ९/५ ने गुणून ३२ मिळवायचे. पण दोन तापमानांमधला फरक बदलताना फक्त गुणायचं, ३२ मिळवायचे नाहीत, कारण दोन्हीकडचे बत्तीस वजाबाकीत उडून जातात. ३८ वजा १२ म्हणजे २६. २६ ला ९/५ ने गुणलं की ४६.८, ते बरोबर. यांच्या प्रोग्रॅमरने त्यातही ३२ घातले, ७८.८ झाले, खिडकीत ७९. दहावीच्या पेपरात अर्धा मार्क कापला असता.

हे नुसतं दिसण्यापुरतं असेल तर सोडून द्या. पण त्याच आकड्यावरून ढगांचा तळ काढत असेल तर पंचाईत. सेल्सियसमधल्या फरकाला ४०० ने गुणलं की फुटांत अंदाज येतो: २६ गुणिले ४००, म्हणजे जमिनीपासून साधारण १०,४०० फूट. एकदा पडताळून पाहा.

वऱ्हाडी_वारा

शंभर पाहून घाबरले का भाऊ? आमच्या नागपूरचं मे महिन्यातलं ४६ त्यात टाकून पाहा, ११५ दाखवेल!

गंमत सोडा. १७२ च्या पुस्तकातला टेकऑफचा तक्ता सेल्सियसमध्येच आहे आणि शेवटचा रकाना ४० चा. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही तक्त्याच्या बाहेर उडतो.

तुमचं विमान परवा लवकर का उचललं तेही सांगतो. लोहगाव १,९४२ फुटांवर, तिथलं प्रमाण तापमान (त्या उंचीला गृहीत धरलेलं) ११ च्या आसपास. त्याच्या वर दर अंशाला घनता-उंची (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) १२० फुटांनी वाढते. खरोखर ३० असतं तर विमानाला आपण ४,२०० फुटांवर आहोत असं वाटलं असतं. उणे १ ला ते जेमतेम ५०० फूट झालं. दाट हवा, फुकटची ताकद. तुम्ही खूश होणारच.

वाळवंटी

मी अ‍ॅरिझोनात राहतो, इथे छोटी विमानं चालवतो. सगळ्यांना वाटतं अमेरिका म्हणजे फॅरनहाइट. घरातला थर्मोस्टॅट, टीव्हीवरचं हवामान, आजारी मुलाचा ताप, सगळं तसंच आहे. पण विमानतळावर नाही. १९९६ च्या जुलैत इथे मेटार आला, तेव्हापासून जमिनीवरचं तापमानही सेल्सियसमध्ये येतं. रेडिओवर एटिसही (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) सेल्सियसच बोलतं. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर मुळात सेल्सियसमध्ये आलेला आकडा स्वतःच्या हौसेने फॅरनहाइट करतंय.

वऱ्हाडी भाऊंच्या तक्त्यावरून आठवलं. २६ जून १९९० ला फीनिक्समध्ये पारा १२२ फॅरनहाइटला गेला, म्हणजे बरोबर ५० सेल्सियस. तेव्हा काही विमानांचे तक्ते तिथवर पोचतच नव्हते, म्हणून उड्डाणं थांबवली होती. २०१७ च्या जूनमध्ये पुन्हा तेच. छोट्या प्रादेशिक जेटची मर्यादा ११८ फॅरनहाइट होती, ती जमिनीवरच राहिली. मोठ्या बोइंग-एअरबसची १२६-१२७, ती गेली.

डोक्यात बदलायला माझी युक्ती: १६ उलटे केले की ६१, २८ उलटे केले की ८२. बाकीचे आकडे या दोघांच्या आजूबाजूला धरायचे.

उडणखटोला

पुढेमागे बोइंग ७३७ घेतलंत तर लक्षात ठेवा, त्याच्या एफएमसीत (विमानातल्या उड्डाण-संगणकात) नुसता आकडा टाकला की तो सेल्सियस धरतो. फॅरनहाइट हवं असेल तर आकड्यानंतर एफ टाकावा लागतो. चौकटीने असंच वागायला हवं, तुमच्या सॉफ्टवेअरसारखं मुकं राहून नव्हे.

धावपट्टी_दहा

सगळ्यांचे आभार. झालं, पण एका झटक्यात नाही.

मेझरमेंट सिस्टिमला खरंच यू.एस. होतं. मेट्रिक केलं, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं, तरी १०० च. मग त्याच्या फोल्डरमध्ये सेटिंगची फाइल सापडली, तारीख महिन्यापूर्वीची. पहिल्यांदा चालू केलं तेव्हाच त्याने एकक लिहून ठेवलं होतं, त्यानंतर विंडोजला विचारलंच नाही. सॉफ्टवेअर काढून टाकलं तेव्हाही ही फाइल मागे राहिली असणार. तिचं नाव बदललं, पुन्हा चालू केलं, त्याने नवी फाइल बनवली. आता खिडकीत ३९, ११ आणि फरक २८. ढगांचा तळ ११,२०० दाखवतोय, म्हणजे अधिक_बत्तीस यांच्या हिशेबाशी जुळतो.

हाताने भरायच्या चौकटीशेजारी एकक अजूनही नाही. म्हणून ३० टाकून विमानात बसलो आणि घड्याळाचं बटण दाबत दोन्ही एककांत पाहिलं. ३० आणि ८६. म्हणजे तीही सुधारली. टेकऑफला विमान पूर्वीसारखं रेंगाळलं, वाघोलीवर काच स्वच्छ.

तारीख अजून महिना आधीच दिसते. ती तशीच ठेवली आहे, बायकोचा घरखर्चाचा हिशेब त्याच लॅपटॉपवर असतो आणि त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.