शेजारच्या काकूंचे भरलेले घर

प्रश्न : जळगावात आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या काकूंनी ओटा, जिना आणि न्हाणीघरसुद्धा जुनी वर्तमानपत्रे व तेलाच्या रिकाम्या डब्यांनी भरून टाकले असून, महापालिकेकडे तक्रार करावी की नाही यावरून गल्लीत दोन तट पडले आहेत.

उत्तर १ : धुळ्यात मामा गावाला गेले असताना आम्ही त्यांचे घर परस्पर रिकामे केले, परतल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत आणि वर्षभरात घर पुन्हा भरले.

उत्तर २ : हा आळस नव्हे. वस्तू टाकवत नाहीत, साठतच जातात, अशा या विकाराचे (होर्डिंग डिसऑर्डर) अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ पासून स्वतंत्र निदान आहे. आधी गॅस सिलिंडर आणि दारापर्यंतची वाट मोकळी करण्यापुरतेच बोला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला विनामूल्य मिळतो.

प्रश्नकर्ता : काल काकूंनी आपल्या हाताने तीन डबे दिले, चौथा मात्र परत मागून घेतला.