मदत हवी आहे: मामांचा डीएनए जुळत नाही म्हणतात, दुसरी चाचणी कुठे करायची?

पंचवटीकर:
आमचे मामा साडेतीन महिन्यांपूर्वी सकाळी घरातून गेले ते परत आले नाहीत. तक्रार त्याच आठवड्यात दिली. पुढे नदीकाठी एक मृतदेह सापडला, पण चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. अंगावर मामांच्यासारखीच बंडी होती. माझं रक्त घेतलं. परवा निरोप आला, जुळत नाही. आता दुसरी चाचणी नाशकात खाजगीत कुठे होते? किती दिवस लागतात? कृपया माहीत असेल त्यांनीच लिहा. आई रोज विचारते, दहावा करायचा की वाट बघायची.

बाणगंगा:
खाजगी लॅबच बरी. माझ्या साडूंच्या वाटणीच्या भांडणात लॅबचा माणूस घरी आला, गालाच्या आतून कापूस फिरवून घेऊन गेला. दोन आठवड्यांत रिपोर्ट हातात. सरकारी कामाची वाट बघत बसू नका.

कोर्टकचेरी:
बाणगंगा, साडूंचा तो रिपोर्ट कोर्टात टिकला का तेही लिहा. घरी घेतलेला कापूस नेमका कुणाच्या गालाचा, हा पहिला प्रश्न येतो. डॉक्टरांसमोर, ओळख पटवून, फोटो आणि अंगठ्यासह सील केलेला नमुनाच धरतात. शिवाय इथे मृतदेहाचा नमुना पोलिसांच्या ताब्यात आहे. खाजगी लॅब ह्यांचं रक्त जुळवणार कशाशी?
आणि सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो, तोही मार्ग आहे.

पंचवटीकर:
सात वर्षं थांबायला आई ब्याऐंशीची आहे हो.

गोदामाई:
दादा, वाईट वाटलं वाचून. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या. आमच्या जाऊबाईंच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, विधी केल्यावर घराला शांतता मिळाली. तीन दिवसांचा असतो, आधी नंबर लावावा लागतो.

पंचवटीकर:
ताई, विधीचं नंतर बघू. ते मामाच आहेत की नाहीत हेच कळलेलं नाही.

निशिगंधा:
दादा, मी काही वर्षं डीएनए नमुन्यांचं काम केलंय. आधी तीन गोष्टी सांगा. (प्रयोगशाळेचं आणि पोलीस ठाण्याचं नाव इथे नको.) रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहा. त्यात एसटीआर, वाय किंवा मायटोकॉन्ड्रियल (डीएनए जुळवायच्या ह्या तीन पद्धती) असा शब्द आहे का? आणि हे तुमचे सख्खे मामा का?

पंचवटीकर:
मामा म्हणजे मामा. वीस वर्षं आमच्याच घरी, मागच्या खोलीत. माझी दहावीची फी त्यांनी भरली. मायटोकॉन्ड्रियल हा शब्द आहे. वाक्य असं: 'मामा-भाचा हे मातृवंशीय नाते सिद्ध होत नाही.'

सटाणेकर:
तुमचं कधी बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालंय का? तसं असेल तर रक्तात दात्याचा डीएनए येतो आणि गोंधळ होतो. तेव्हा गालातला नमुना द्या, त्यातही दात्याच्या पेशी मिसळू शकतात, म्हणून मुळासकट उपटलेले केस उत्तम.

पंचवटीकर:
नाही. मला साधी शुगरसुद्धा नाही.

निशिगंधा:
'सख्खे का' ह्याचं उत्तर राहिलं. तुमच्या आईची आई आणि मामांची आई एकच का?

पंचवटीकर:
नाही. ते आईच्या सख्ख्या काकांचे चिरंजीव. पण काका-काकू लवकर गेले, आई आणि मामा एकाच ताटात जेवून मोठे झाले. आमच्याकडे चुलतबिलत कुणी म्हणत नाही. फॉर्मवर 'नाते' असा रकाना होता, तिथे मी 'भाचा' लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

निशिगंधा:
दादा, सगळं तिथेच अडकलंय.
मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो. सख्खा मामा आणि भाचा ह्यांचा तो सारखाच असतो, कारण दोघांनाही तो एकाच आजीकडून आलेला असतो. फॉर्मवर 'भाचा' वाचून प्रयोगशाळेने तेच जुळवलं. पण तुमच्या मामांची आई तुमच्या आजीची जाऊ, म्हणजे दुसऱ्या घरातून आलेली. तो जुळायचं कारणच नाही. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाला येतो. त्यांचा तुमच्या आईच्या वडिलांच्या घराण्याचा, तुमचा तुमच्या वडिलांचा. तोही जुळणार नाही. उरलेल्या डीएनएत आईच्या चुलत भावाशी आपला वाटा सरासरी सव्वासहा टक्के असतो. नेहमीच्या वीसबावीस एसटीआर खुणांवरून एवढं लांबचं नातं ठामपणे सांगता येत नाही.
ते मामाच आहेत असं मी म्हणत नाहीये. पण ते नाहीत असंही ह्या रिपोर्टने ठरलेलं नाही.
मामांना मुलं आहेत? सख्खी भावंडं? आणि आईला सख्खा भाऊ?

सुरगाणा_मास्तर:
मध्येच विचारतो. आमच्या भागात सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी मुलांचं रक्त तपासतात. पोलिसांनी घेतलेल्या डीएनएवरून घरात कुणाला सिकलसेल आहे हेही कळतं का? लोक त्या भीतीने नमुना देत नाहीत.

सटाणेकर:
नाही मास्तर. सिकलसेलचा दोष अकराव्या क्रोमोसोमवरच्या बीटा ग्लोबिन जनुकात, एका अक्षराचा फरक. तो शोधायची तपासणी वेगळी. ओळखीसाठी बघतात ते एसटीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, उदाहरणार्थ चार अक्षरं कुणात अकरा वेळा, कुणात चौदा वेळा. ते बहुतेक जनुकांच्या बाहेरचे. १९७८ साली कान आणि डोझी या संशोधकांनी ह्याच जनुकाशेजारची डीएनएतली खूण पकडून गर्भातल्या बाळाचा सिकलसेल ओळखायची वाट काढली. सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, इंग्लंडमधल्या लेस्टरला संशोधक अ‍ॅलेक जेफ्रीज यांना माणूस ओळखणारा डीएनए ठसा सापडला. जवळच्या वाटा आहेत, पण रिपोर्ट निरनिराळे.

कोर्टकचेरी:
त्याच लेस्टरला २०१२ मध्ये गाड्यांच्या तळाखाली इंग्लंडचा जुना राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा निघाला. मायटोकॉन्ड्रियल त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला, पण पुरुष वंशातल्या नातेवाइकांशी वाय जुळला नाही! वंशावळीत लिहिलेलं नातं रक्तात असेलच असं नाही.

पंचवटीकर:
राजाचं राहू द्या. निशिगंधाताई, मामा अविवाहित. आईचे सख्खे भाऊ ओझरला आहेत. मामांना एक बहीण आहे, निफाडला दिली. पण अकरा वर्षं बोलणं बंद आहे. शेताचा विषय. म्हणून लिहिलं नाही.

निशिगंधा:
बहीणच हवी आहे, दादा. एकाच आईवडिलांची ना? मग तिचा मायटोकॉन्ड्रियल मामांसारखाच, आणि बाकीचा डीएनए सरासरी निम्मा. तिच्याइतका चांगला नमुना तुमच्या घरात दुसरा नाही. ओझरच्या मामांचाही घ्यायला सांगा, वाय जुळतो का ते बघता येईल. मात्र वाय जुळला म्हणजे भावकी ठरते, माणूस ठरत नाही.
मामांच्या वापरातल्या वस्तू आहेत का? दाढीचं मशीन, न धुतलेले कपडे? कुठे ऑपरेशन झालं होतं?

पंचवटीकर:
ब्रश आणि कंगवा आईने टाकून दिला. लोखंडी पेटीत त्यांची कानटोपी आहे, गेल्या थंडीतली, आतून खोबरेल तेलाने काळी झालेली. दोन वर्षांपूर्वी मानेवरची गाठ काढली होती, तपासायला पाठवली होती.

निशिगंधा:
टोपी धुऊ नका, झटकू नका, हात लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, ओल धरून डीएनए खराब होतो. पोलिसांनाच सांगा, ते पंचनामा करून कागदी पाकिटात घेतील. आणि गाठ तपासलेल्या ठिकाणी मेणाचा ठोकळा जपलेला असतो. तो मिळाला तर प्रत्यक्ष मामांचाच नमुना मिळाला, मग नातेवाइकाची गरजच नाही. गाठ टिकवायला वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे पडतात, तरी बऱ्याचदा काम होतं. तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

बाणगंगा:
मी घाईत सुचवलं, क्षमस्व. निफाडला जायचं असेल तर माझी गाडी आहे, सांगा.

पंचवटीकर:
आज निफाडला जाऊन आलो, आईला घेऊन. मावशी दारातच रडायला लागल्या. शेताचा विषय कुणीच काढला नाही. सोमवारी रक्त द्यायला येतायत. ठोकळ्याचा अर्ज दिला, पोच मिळाली.
एक विचारायचं राहिलं. माझ्या फॉर्मवर 'भाचा' लिहिलंय, ते खोडून यावं लागेल का?

निशिगंधा:
खोडू नका. तो फॉर्म तसाच राहू द्या. सोमवारी वेगळा अर्ज द्या आणि त्यात 'आईच्या सख्ख्या काकांचा मुलगा' एवढं स्पष्ट लिहा. मावशींच्या फॉर्मवर 'सख्खी बहीण', आणि आईवडिलांची दोन्ही नावं.